शेजारच्या गुलमोहोराची फाईल

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी साडेचारच्या सुमारास आभाळ अंधारून आलं, धुळीचा लोट उठला, आणि वळवाचे पहिले थेंब पडायच्या आत शेजारच्या प्लॉटमधला गुलमोहोर आमच्या मागच्या शेडवर आडवा झाला. आवाज फार मोठा नव्हता. आधी पत्रा दुमडल्याचा, मग कंपाउंडच्या विटा ढासळल्याचा, आणि मग बराच वेळ नुसता पाणी सांडल्याचा, कारण गच्चीवरून खाली येणारी पाण्याची नळी तुटली होती. आई रोज त्या वेळी शेडमध्ये भांडी विसळत असते. त्या दिवशी टीव्हीवर काहीतरी लागलं होतं म्हणून ती आत होती.

अर्ध्या तासात गल्ली गोळा झाली आणि पहिलंच वाक्य कानावर आलं, “विमा आहे ना तुमचा? मग काळजी कसली!” याच मंडळींपैकी एकाने सहा महिन्यांपूर्वी, झाड नुसतं झुकलेलं असताना, मला सल्ला दिला होता की, “विमा कंपनीला कळवा, ती स्वतःच्या खर्चाने तोडून देईल. पडलं तर तिलाच भुर्दंड ना!” पहिलं वाक्य निम्मं खरं होतं, दुसरं अजिबात नाही. घराच्या विम्याबद्दल आपल्याकडे एवढं अज्ञान आहे, त्याचं कारणही उघड आहे. गाडीचा विमा सक्तीचा म्हणून सगळे घेतात, आरोग्याचा भीतीने घेतात, आणि ज्या घरात आयुष्यभराची कमाई ओतलेली असते त्याचा विमा गृहकर्जाबरोबर बँकेने काढून दिला असेल तरच असतो. तोही असतो हे कित्येकांना माहीत नसतं. तुमचं कर्ज चालू असेल तर हा लेख पुढे वाचण्याआधी कर्जाची फाईल उघडून बघा, एखादी पॉलिसी त्यात दडलेली असू शकते.

१ एप्रिल २०२१ पासून देशात घराच्या विम्याची एक प्रमाणित पॉलिसी लागू आहे. नाव ‘भारत गृह रक्षा’. आग आणि तत्सम संकटांचा विमा विकणाऱ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना ती ठेवावी लागते आणि मूळ कलमं सगळीकडे सारखीच असतात. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड वगैरे नेहमीची यादी तिच्यात आहेच. आपल्या कामाचं कलम त्या यादीत जरा पुढे आहे, बाहेरच्या वस्तूच्या आघाताने होणाऱ्या नुकसानीचं. तिथे वाहन, विमान, भिंत यांच्या जोडीला ‘पडणारी झाडं’ असा उल्लेख स्पष्ट शब्दांत केलेला आहे. त्यामुळे झाड वादळात पडलं की भर उन्हात वारा नसताना पडलं, यावर वाद घालावा लागत नाही. झाड कुणाच्या मालकीचं होतं याने तुमच्या घराच्या नुकसानीच्या दाव्याला बाध येत नाही. घराबरोबर कंपाउंडची भिंत, फाटक, गॅरेज, पाण्याची टाकी, सोलर पॅनेल ही बांधकामंही ‘घर’ या शब्दात येतात. मात्र ती पॉलिसी घेताना क्षेत्रफळात आणि रकमेत धरलेली असावीत.

आता न मिळणाऱ्या गोष्टी. झाड उभं आहे तोवर त्याचा खर्च सर्वस्वी तुमचा. छाटणी असो, तोड असो, तज्ज्ञाची फी असो, पॉलिसी नुकसान झाल्यावर जागी होते. नुकसान टाळण्याचा खर्च तिच्या खात्यात नाही. झाड पडलं पण कशावरच पडलं नाही, नुसतं अंगणात लोळलं, तर ते उचलायचेही पैसे मिळत नाहीत. आजोबांनी लावलेला हापूस उन्मळून गेला तर त्या आंब्याची किंमत मिळत नाही. आणि मुळं वर्षानुवर्षं पायाखाली शिरून फरशी उचलली गेली, किंवा गच्चीच्या भेगेत उगवलेल्या पिंपळाने भिंत फोडली, तर ते हळूहळू झालेलं नुकसान. विम्याला घटना लागते, तारीख लागते. पिंपळाला तारीख नसते.

मलबा हटवण्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण माझा हिशेब इथेच चुकला होता. पॉलिसीत मलबा काढण्याचा खर्च मिळतो, पण तो दाव्याच्या रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत. माझा दावा १,८५,००० रुपयांना मंजूर झाला. त्याचे २ टक्के म्हणजे ३,७०० रुपये. लाकूडतोडे, करवत आणि खोड उचलायला आणलेली छोटी क्रेन यांचं बिल झालं १४,००० रुपये, तेही फांद्यांचं लाकूड त्यांना देऊन. उरलेले १०,३०० मी आणि शेजाऱ्याने निम्मे निम्मे भरले. आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरची फी लागली तर ती दाव्याच्या ५ टक्क्यांपर्यंत मिळते. घर राहण्याजोगं उरलं नाही तर दुसरीकडच्या भाड्याची तरतूदही आहे. आमच्यावर ती वेळ आली नाही.

विम्याची रक्कम ठरवताना लोक घराचा बाजारभाव सांगतात. तसं करू नका. जमिनीचा विमा होत नाही, कारण जमीन जळत नाही आणि तिच्यावर झाड पडून ती मोडत नाही. रक्कम काढायची ती चटई क्षेत्र गुणिले आजचा बांधकामाचा दर अशी. समजा ९०० चौरस फूट आणि दर २,५०० रुपये, तर साडेबावीस लाख. घरातल्या सामानाला आपोआप त्याच्या २० टक्के संरक्षण मिळतं, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत. म्हणजे या उदाहरणात साडेचार लाख. सामान त्याहून जास्त किमतीचं असेल तर यादी देऊन रक्कम वाढवता येते. रक्कम कमी लावली म्हणून दावा त्या प्रमाणात कापायची जुन्या पॉलिसीतली पद्धत या पॉलिसीत काढून टाकली आहे, पण लावलेल्या रकमेपलीकडे काही मिळणार नाही हे उघड आहे.

एवढा विमा झाला. पण मला खरं सांगायचंय ते झाड पडण्याच्या आधीच्या सहा महिन्यांबद्दल. त्या काळात मी शेजाऱ्याला एक पत्र लिहिलं होतं, आणि तेच पत्र पुढे तीन वेगवेगळ्या माणसांनी वाचलं.

त्या गुलमोहोराकडे माझं लक्ष पहिल्यांदा गेलं ते गणपतीच्या दिवसांत. बुंध्याशी, मातीला लागून, तपकिरी रंगाची, बशीसारखी कडक बुरशी उगवली होती. आमच्याकडे येणाऱ्या माळ्याने ती पायाने उडवून दिली. दिवाळीत ती पुन्हा आली, आधीपेक्षा मोठी. बुंध्यावर अशी बशी दिसणं म्हणजे आत लाकूड कुजतंय याची खूण. वर पानं हिरवीगार असतात, मे महिन्यात फुलंही लालभडक येतात, म्हणून कुणाचा विश्वास बसत नाही. पानांचा जीव सालीखालच्या पातळ थरातून चालतो. झाड उभं राहतं ते आतल्या लाकडावर आणि मुळांवर. हे दोन हिशेब वेगळे आहेत.

दुसरी खूण मातीत असते. पावसानंतर बुंध्यापासून हात-दोन हात अंतरावर अर्धगोल भेग पडली असेल, किंवा एका बाजूची माती फुगून वर आली असेल, तर मुळं सुटायला लागली आहेत. झाड तिरकं असणं एवढ्यानेच घाबरायचं कारण नाही. नारळ जन्मभर तिरका उभा असतो. पण सरळ झाड गेल्या दोन वर्षांत तिरकं झालं असेल तर मात्र तो कल नवा आहे, आणि नवा कल वाईट. दरवर्षी एकाच ठिकाणी उभं राहून, भिंतीची कड चौकटीत घेऊन एक फोटो काढून ठेवा. कल वाढलाय की तुमच्या मनाचे खेळ आहेत हे त्यातून कळतं, आणि पुढे हाच फोटो सर्व्हेअरला दाखवता येतो.

तिसरी गोष्ट म्हणजे गेल्या काही वर्षांत झाडाच्या आसपास काय खोदलं गेलं ते आठवा. शेजारच्या प्लॉटच्या कडेने दोन वर्षांपूर्वी पाइपलाइनसाठी चर खणला होता. गुलमोहोराची मुळं वरवर पसरतात. तो चर बुंध्यापासून जेमतेम चार फुटांवरून गेला आणि त्या बाजूचा आधार संपला. झाड पडलं ते चराच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे आमच्याकडे. पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीट खोडाला भिडवणं हा त्याच जातीचा अपराध आहे. राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला २०१३ सालीच सांगितलं होतं. आपल्या सोसायट्यांत मात्र आवार ‘स्वच्छ’ दिसावं म्हणून झाडाच्या गळ्यापर्यंत सिमेंट ओततात, आणि झाड पडलं की झाडाला दोष देतात.

याशिवाय एकाच ठिकाणाहून निघालेली दोन जाड खोडं आणि त्यांच्या बेचक्यात आत दबलेली साल, मोठी ढोली, वाळून लटकणाऱ्या फांद्या, आणि पूर्वी शेंडा उडवल्यावर त्या खुंटातून फुटलेली उंच, सरळ, लुसलुशीत फूट. ही फूट जोमदार दिसते, पण वरवर चिकटलेली असते आणि जाड झाल्यावर सगळ्यात आधी तीच तुटते. म्हणूनच ‘डोकं उडवून टाका, निश्चिंत व्हा’ या सल्ल्याने पाच वर्षांनी धोका दुप्पट होतो. एकाच बाजूच्या फांद्या साफ करून तोल बिघडवणंही तसंच.

खुणा दिसल्या म्हणून लगेच करवत आणायची नाही. शहरी भागात ‘महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५’ लागू आहे, आणि त्यात झाड ‘तोडणं’ या शब्दाची व्याख्या जाळणं, कापणं, किंवा झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणं इथपर्यंत जाते. झाड तुमच्या जागेत, तुम्हीच लावलेलं असलं तरी परवानगी लागते. बुंध्यात अॅसिड किंवा मोरचूद ओतून ‘आपोआप मेलं’ असं दाखवणारे महाभाग असतात. तेही याच व्याख्येत बसतात.

अर्ज करायचा तो महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे. प्रत्यक्षात तो उद्यान विभागात जातो आणि मोठ्या शहरांत ऑनलाइनही घेतात. झाडाचं वर्णन, जागेचा साधा नकाशा, त्यात झाडाची जागा, आणि कारण. ‘पानांचा कचरा होतो’ हे कारण लिहू नका. लोक खरोखर लिहितात. ‘बुंध्याशी बुरशी, पश्चिमेकडे कल, १२ फुटांवर स्वयंपाकघर’ असं लिहा, फोटो जोडा. त्यानंतर वृक्ष अधिकारी पाहणीला येतो, झाडावर नोटीस लागते, वर्तमानपत्रात जाहीर सूचना निघते, हरकती घेतल्या जातात. कायद्यात निर्णयासाठी ६० दिवसांची मुदत आहे आणि परवानगी मिळाल्यावरही सर्वसाधारणपणे १५ दिवस थांबावं लागतं. झाड मेलेलं, रोगट किंवा वाऱ्याने पडलेलं असेल, किंवा त्याच्यापासून जिवाला वा मालमत्तेला धोका आहे असं प्राधिकरणाचं मत झालं, तर परवानगी नाकारू नये असंही कायदाच म्हणतो. तेव्हा तुमच्या अर्जाचं सगळं वजन ‘धोका’ या शब्दावर हवं आणि तो शब्द फोटोने सिद्ध व्हायला हवा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांहून जुनी झाडं वारसा वृक्ष मानली जातात. आजोबांच्या काळातला वटवृक्ष असेल तर तोडीऐवजी छाटणीचा किंवा आधार देण्याचा पर्याय आधी सुचवला जाईल, आणि बहुतेक वेळा तोच बरोबर असतो. तोडीच्या बदल्यात नवी झाडं लावावी लागतात, ती कुठे लावणार हेही अर्जाच्या वेळीच ठरवून ठेवा.

या मुदती मोजल्या तर एक गोष्ट लक्षात येईल. मेअखेर अर्ज करून मृगाच्या आधी झाड उतरवायचं म्हटलं तर ते होणार नाही. अर्ज करायचा तो डिसेंबर-जानेवारीत, पावसाच्या खुणा मातीवर ताज्या असताना. आमचं नेमकं तिथेच चुकलं.

गावाकडचा नियम निराळा आहे. नागरी हद्दीबाहेर १९६४ चा झाडे तोडण्याचे नियमन करणारा अधिनियम चालतो आणि त्याच्या यादीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग, खैर, मोह अशी ओळखीची मंडळी आहेत. घरावर झुकलेला फणससुद्धा परवानगीशिवाय पाडता येत नाही.

आता शेजाऱ्याचं झाड. आमच्या शेजारचा बंगला बंद आहे, मालक बेंगळुरूला. फोनवर बोलणं झालं होतं. ते “बघतो हं” म्हणाले आणि विसरले. मग मी लिहिलं, आणि कडक भाषा मुद्दाम टाळली: ‘आपल्या प्लॉटच्या पश्चिम हद्दीलगतच्या गुलमोहोराच्या बुंध्याशी बुरशी आली असून झाड आमच्या घराकडे झुकत आहे. सप्टेंबर व नोव्हेंबरमधील फोटो सोबत जोडले आहेत. झाड पडल्यास आमचे स्वयंपाकघर व घरातील माणसे यांना धोका आहे. कृपया उद्यान विभागाकडे अर्ज करावा. स्थानिक धावपळ मी करीन.’ पोचपावती मागून स्पीड पोस्टने पाठवलं. व्हॉट्सअॅपवर पाठवलं असतं तर दोन निळ्या टिका मिळाल्या असत्या आणि विषय संपला असता. कागद हातात पडल्यावर चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला. त्या पत्राचे पहिले वाचक ते. दुसरा वाचक उद्यान विभागाचा माणूस. मालकाच्या अर्जाला मी तेच पत्र जोडलं होतं. त्याने बुंध्यावर हातोडी ठोकून पाहिली, एका बाजूला टणक आणि एका बाजूला पोकळ आवाज आला. तो काहीच बोलला नाही, वहीत लिहिलं. पण अर्जच फेब्रुवारीच्या शेवटी पोचला होता, नोटीस मार्चअखेर लागली, आणि झाडाने एप्रिलमध्ये परवानगीची वाट न बघता कार्यभाग उरकला.

तिसरा वाचक सर्व्हेअर. विमा कंपनीने पाठवलेला हा माणूस तुमच्या बाजूचाही नसतो आणि तुमचा शत्रूही नसतो. नुकसान मोजणं आणि कारण तपासणं हे त्याचं काम. त्याने सरळ विचारलं, “झाड धोकादायक आहे हे माहीत होतं का?” प्रश्न अवघड आहे. ‘नाही’ म्हणावं तर खोटं, ‘हो’ म्हणावं तर हलगर्जीपणा, असं वाटतं. जाणूनबुजून केलेल्या किंवा टाळलेल्या कृतीमुळे झालेलं नुकसान पॉलिसीतून वगळलेलं असतं, आणि मालमत्तेची वाजवी काळजी घेणं ही विमाधारकाची जबाबदारी धरली जाते. मी म्हटलं, “माहीत होतं, म्हणूनच हे.” आणि फाईल पुढे केली: पत्र, पोचपावती, अर्जाचा आवक क्रमांक, झाडावर लागलेल्या नोटिशीचा फोटो. त्याने त्यावर एकही उलटप्रश्न केला नाही. धोका माहीत असूनही जो हातावर हात ठेवून बसला त्याची बाजू पडते. ज्याने आपल्या हातातलं सगळं केलं होतं त्याची नाही.

शेजारी ढिम्म हललाच नाही तर? उद्यान विभागाकडे धोकादायक झाडाची तक्रार तुम्ही स्वतः करू शकता. त्याही पलीकडे एक रस्ता आहे, जो फार कमी लोकांना ठाऊक असतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्ये सार्वजनिक उपद्रव हटवण्याचा आदेश द्यायचा अधिकार कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना, म्हणजे जिल्हाधिकारी किंवा प्रांत अशा अधिकाऱ्यांना आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं हे १३३ वं कलम. पडून आसपास राहणाऱ्यांना किंवा जाणाऱ्या-येणाऱ्यांना इजा करेल अशा अवस्थेतलं झाड त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. ते काढायला किंवा आधार द्यायला झाडाच्या मालकाला सांगता येतं.

लेखी कळवण्याचं महत्त्व कोर्टातही तेच आहे. १९७५ साली राजकोटमध्ये रस्त्याकडेचं झाड अंगावर पडून एक गृहस्थ गेले. कुटुंबाच्या बाजूने हायकोर्टापर्यंत निकाल लागला, पण १९९७ साली सुप्रीम कोर्टाने महापालिकेला भरपाईसाठी जबाबदार धरलं नाही. निकाल मला व्यक्तिशः पटत नाही, पण त्यातून घ्यायचं ते असं की, झाड पडलं एवढ्याने कुणी जबाबदार ठरत नाही. त्याची अवस्था आधी कळली होती का, कळायला हवी होती का, यावर खटला हलतो. तुमचं पत्र हे त्या ‘कळण्याचं’ प्रमाण. आणि हे उलटही लागू आहे: तुमच्या झाडाबद्दल कुणी तुम्हाला लेखी कळवलं असेल तर तो कागद रद्दीत टाकू नका. तुमच्या झाडाने दुसऱ्याचं डोकं फुटलं किंवा गाडी चेपली तर त्याची भरपाई ‘भारत गृह रक्षा’ची मूळ पॉलिसी देत नाही. त्यासाठी तिसऱ्या व्यक्तीप्रति दायित्वाचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं, ते कंपन्यांच्या गृहस्थी पॅकेजमध्ये मिळतं.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचा घोटाळा वेगळा. तुमची पॉलिसी तुमच्या फ्लॅटची. आवारातलं झाड, कंपाउंड, पंपाची खोली, जिना हे सोसायटीचं. आदर्श उपविधींत सोसायटीने इमारतीचा विमा उतरवावा असं म्हटलेलं आहे, पण आग आणि भूकंप एवढंच बघून पॉलिसी घेतली जाते आणि कपाटात जाते. पुढच्या सभेत सेक्रेटरींना ती बाहेर काढायला सांगा. कंपाउंडची भिंत त्यात आहे का, झाड पडून होणारं नुकसान आहे का, आणि दायित्वाचं संरक्षण आहे का, एवढे तीन प्रश्न विचारा. मुंबईत २०१८ च्या वृक्षगणनेत सुमारे २९.७५ लाख झाडं मोजली गेली आणि त्यातली निम्म्याहून अधिक खाजगी आवारांत निघाली. म्हणजे पावसाळ्याआधी महापालिकेने रस्त्यावरच्या फांद्या कितीही छाटल्या तरी निम्म्या झाडांची जबाबदारी सोसायट्यांच्या माथी आहे. तौक्ते वादळात मे २०२१ मध्ये एकट्या मुंबईत दोन हजारांवर झाडं पडली. कार्यकारिणीने झाडाबद्दल ठराव केला असेल तर इतिवृत्तात तारखेसह लिहा. ‘झाडाबाबत चर्चा झाली’ एवढं लिहिलेलं इतिवृत्त पुढे तुमच्याच विरुद्ध वाचलं जातं.

झाडाखालच्या गाडीला घराचा विमा लागू नाही, गाडीचाच लागतो, आणि तोही सर्वंकष असेल तरच. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत स्वतःच्या गाडीचं काही मिळत नाही. सर्वंकष पॉलिसीतही प्लॅस्टिक आणि रबरच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, काचेवर कापत नाहीत. किरकोळ पोचा असेल तर दावा न करता नो क्लेम बोनस वाचवणं शहाणपणाचं.

झाड उतरवायचं ठरलं की सगळ्यात स्वस्त माणूस शोधू नका. तो खाली दोर न बांधता वरून फांदी सोडतो, आणि ती नेमकी तुमच्याच टाकीवर येते. खाली माणसं कोण उभी राहणार, तारा जवळ असतील तर वीज कंपनीकडून पुरवठा कधी बंद करून घेणार, मजुरांचा विमा आहे का, हे कागदावर घ्या. मजूर पडला तर प्रश्न फक्त ठेकेदाराचा राहील असं समजू नका.

आणि झाड पडलंच तर? आधी माणसं, मग वीज. खोडात तार अडकली असेल तर जवळ जायचं नाही, अग्निशमन दलाला आणि वीज कंपनीला फोन करायचा. मग कुऱ्हाड लावण्यापूर्वी फोटो. चारही बाजूंनी, उपटलेल्या मुळांचे, कुजलेल्या बुंध्याचे, आणि झाड नेमकं कशावर टेकलंय त्याचे. आमच्याकडे उत्साही मंडळींनी अर्ध्या तासात फांद्या तोडायला सुरुवात केली होती; त्यांना थांबवणं हे त्या दिवसातलं सगळ्यात अवघड काम ठरलं. ताडपत्री टाकून पावसापासून घर झाका, त्या खर्चाची पावती ठेवा, नुकसान वाढू न देणं हेही तुमचंच काम. मोडलेल्या वस्तू सर्व्हेअर बघेपर्यंत भंगारात देऊ नका. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि दाव्याचा फॉर्म ३० दिवसांच्या आत भरा. शहरात अग्निशमन दलाकडून घटनेचा दाखला, गावात तलाठ्याचा पंचनामा. दुरुस्तीची दोन कोटेशन्स घ्या आणि ती मोघम नकोत. ‘शेड दुरुस्ती ६०,०००’ असं लिहिलेलं कोटेशन सर्व्हेअर निम्म्यावर आणतो. पत्र्यांची संख्या, मापं, अँगल, मजुरी वेगवेगळी लिहिली असतील तर कापायला जागा उरत नाही.

दावा नाकारला किंवा कमी दिला तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी. महिन्यात समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबईला आणि पुण्याला त्यांची कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतच्या भरपाईची प्रकरणं तिथे चालतात.

न्यू जर्सीत राहणाऱ्या मावसभावाला हे सगळं सांगितलं तर तो हसला. त्याच्याकडे विमा कंपनीच छपराचे फोटो काढून कळवते की, ओकची फांदी छपरावर आली आहे, छाटा, नाहीतर पॉलिसीचं नूतनीकरण होणार नाही. झाड तोडायचे पैसे तिथेही मिळत नाहीत. पडलेलं झाड उचलायला नेहमीच्या पॉलिसीत झाडामागे ५०० डॉलर, एका घटनेला एकूण १,०००, तेही ते घरावर पडलं किंवा गाडीची वाट अडवली तर. थोडक्यात, मावसभावाच्या मागे विमा कंपनी आणि माझ्यामागे उद्यान विभाग, एवढाच फरक.

शेजाऱ्यांनी गुलमोहोराच्या जागी बकुळ लावलाय, हद्दीपासून चांगला पंधरा फूट आत. आणि गेल्या महिन्यात पोस्टमन एक पाकीट घेऊन आला, सही करून घ्यावं लागलं. बेंगळुरूहून होतं. आमच्या मागच्या बाजूचा माड त्यांच्या गच्चीकडे झुकलाय, सुकलेल्या झावळ्या लोंबतायत, वरची शहाळी टाकीवर पडतील, सोबत दोन फोटो. भाषा माझ्याच पत्राची होती, शेवटच्या ओळीसकट. फक्त ‘गुलमोहोर’च्या जागी ‘नारळ’ घातला होता. मी त्यावर तारीख टाकली, फाईलमध्ये लावलं, आणि झावळ्या उतरवायला नारळ पाडणाऱ्याला फोन केला.